फ्रीज बंद, तक्रार बंद

सुरक्षित मेलच्या भानगडीत मी पडलो ते वरून हुकूम आला म्हणून. आमच्या संस्थेचे डोंगरात छोटे दवाखाने आहेत. तिथं काही बिघडलं की नर्सबाई मेल करतात आणि नंदुरबारच्या ऑफिसातलं सॉफ्टवेअर त्या मेलची आपोआप तक्रार बनवतं. हे मेल वाटेत कुणाला वाचता येऊ नयेत, असं ठरलं. मी पोर्ट बदलले, मेल झाकून नेणारं टीएलएस चालू केलं, नवा पासवर्ड टाकला. चाचणीचा मेल गेला, आला. मी स्वतःवर भलताच खूश झालो.

दुसऱ्या दिवशी अक्कलकुव्याच्या वरच्या दवाखान्यातून नर्सबाईंचा फोन.

"भाऊ, लसना फ्रीज बंद शे! सकायपाईन मेल करी ऱ्हायनी. लस बरफनी पेटीमा ठेयेल शे, संध्याकायपावत टिकी. मंग फेकनी पडी."

चालू तक्रारींची यादी पाहिली. बाईंची तक्रार कुठंच नाही. माझं डोकं चक्रावलं. सर्टिफिकेट चुकलं? पोर्ट जुना केला, परत नवा केला. सर्व्हरच्या नोंदीत मात्र सगळे मेल व्यवस्थित पोचलेले! पोचले, तर गेले कुठं? त्या मठ्ठ सॉफ्टवेअरला मी मोठ्यानं शिव्या घातल्या. बर्फ तिकडं वितळत होता.

शेवटी बाईंनाच विचारलं, "उत्तर तरी येतं का काही?"

"येस ना! मी लिखस 'फ्रीज बंद', तुम्ही लिखतस 'बंद'. दोन्हीस्ले माहीत शे, मंग चालू कोन करी?"

मी गारच पडलो. सेटिंग उघडलंच आहे तर मेकॅनिक लोकांना सोपं जावं, म्हणून मी दोन नियमही घालून ठेवले होते. काम झालं की मेलमध्ये 'बंद' लिहायचं, तक्रार बंद होते. काम बाकी असलं तर 'चालू' लिहायचं, ती पुन्हा उघडते. बाईंची प्रत्येक तक्रार येताक्षणी बंद होत होती, आणि तसं त्यांना अगदी सुरक्षितपणे कळवलंही जात होतं.

'बंद'चा नियम काढून टाकला. अक्कलकुव्याच्या मेकॅनिकला फोन करून गाडीवर बसवलं आणि जीव मुठीत धरून वाट पाहिली.

दिवेलागणीला बाईंचा मेल आला. "फ्रीज चालू. लस वाचनी."

वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तेवढ्यात यादीत त्यांची तक्रार पुन्हा उघडली.