खड्ड्यातला देव

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कर्जत तालुक्यातल्या एका खेड्यात चौथीला शिकवत होतो. शाळेला खोल्या दोन, वर्ग चार. चौथी व्हरांड्यात बसे आणि ऊन सरकेल तशी तीही सरके. नवी खोली मंजूर झाली होती. जागा शाळेमागची, जुन्या उकिरड्याची. पाया खणणारे आठवड्याभरात येणार होते.

पुस्तकात नसलेला सिंधू संस्कृतीचा धडा मी हौसेनं घेत होतो. गटारं, विटा, मातीच्या बैलगाड्या पोरांना पटल्या. अडलं ते देवापाशी.

"ती मान्सं कुनाला पुजायची?"

"नक्की माहीत नाही. त्यांचं लिहिलेलं अजून कुणाला वाचता आलेलं नाही."

मास्तराला माहीत नाही, हे वर्गाला आवडलं नाही. म्हटलं, माहीत कसं होतं ते तरी दाखवू. नव्या खोलीच्या जागेवर खड्डा खणायचा, निघेल ते वहीत लिहायचं. उकिरड्यात देव निघण्याची खात्री नव्हती, म्हणून आदल्या संध्याकाळी मी एका गोट्याला तेल-शेंदूर फासून तो हातभर खोल पुरून आलो. शिकवण्याच्या भरात माणूस काय करील, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आधी बांगडीचे तुकडे निघाले, मग कंदिलाची काच, मग गोटा. मी तोंड उघडायच्या आत निम्मा वर्ग गावात पळाला होता. अर्ध्या तासात गाव गोळा झालं. एका म्हातारीनं नारळ फोडला. गावचे पुढारी, ज्यांना सगळे तात्या म्हणत, फेटा बांधून आले.

"पाच हजार वर्षांपूर्वीचा देव!" तात्या गरजले. माझ्या धड्यातलं तेवढंच त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. "हितं आता खोली न्हाई, मंदिर हुनार!"

टाळ्या पडल्या. खरं बोललो तर मार नाहीतर बदली. गप्प राहिलो तर चौथी कायमची व्हरांड्यात. मी गप्प राहिलो.

वही जिच्याकडे होती ती मुलगी पुढं झाली. "तात्या, शेंदूर वला हाय."

"मंग?"

"गुरुजी म्हनले, खालचं ते आधीचं. बांगडी वर घावली, ती कोरडी. देव खाली घावला आन् वला कसा?"

"पोरी, चमत्कार म्हनत्यात त्याला."

"आसंल. पन वहीत काय लिवू?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "लिही, काल संध्याकाळी गुरुजींनी पुरला."

नारळ फोडणाऱ्या म्हातारीनं गोटा उचलून उलटासुलटा पाहिला. मग म्हणाली, "देव पुरत्यात व्हय मास्तर? आन् पुरायचाच हुता तर गोटा तरी बरा बगायचा!" लोक हसले. तिनं गोटा पदरात घेतला आणि मारुतीच्या पारावर ठेवायला निघाली.

तात्यांनी फेटा सावरला. भाषण अर्धवट टाकणारा तो माणूस नव्हे. "तर मंडळी, नव्या खोलीचा नारळ आजच फुटला!" पुन्हा टाळ्या पडल्या, मघाच्याच जोरात.

खोबरं वाटलं गेलं. मुलीनं लिहून वही सहीसाठी माझ्यापुढं धरली. नोकरीत पुष्कळ कागदांवर सह्या केल्या, पण इतक्या खऱ्या मजकुराखाली क्वचितच.

"गुरुजी, आजून खाली खनायचं का?"

"खणायचं की."

पाया खणणारे आले तेव्हा त्यांचं एका कोपऱ्याचं काम आम्ही करून ठेवलं होतं.