उंदीर डोंगरावरून परत आला

अर्मविया तिसाव्या वर्षी म्हातारी झाली. आमच्या तुवानुवा गावात म्हातारी हा हुद्दा आहे; त्याला सुरकुत्या लागत नाहीत, मंत्र पाठ असावे लागतात. आईमागे तिने ते काम उचललं, आणि दुप्पट वयाचे बाप्येही तिला आजी म्हणू लागले. प्रत्येक मंत्राअखेर ती बजावे, "हे शब्द माझे नव्हेत, कम्रुसेपा देवीचे." रोगी बरा झाला तर देवीची कृपा, न झाला तर त्याच्या शेजाऱ्यांची वाईट जीभ. अर्मवियावर बोल येत नसे.

त्या साली गाढववाल्या मुवाझितीचा उजवा खांदा आखडला. गोणी उचलवेना. तांडा तीन दिवसांत निघणार होता, आणि जो गोणी उचलू शकत नाही त्याला तांड्यात घेत नाहीत.

अर्मवियाने धनुष्याच्या दोरीत कथलाचा तुकडा गुंडाळला, मुवाझितीच्या मनगटाला बांधला, मंत्र म्हटला, मग सोडून त्याच्या बायकोने पकडून आणलेल्या उंदराच्या पायाला बांधला. "जा, हे दुखणं उंच डोंगरावर ने." उंदीर पळाला. संध्याकाळी मुवाझितीचा हात डोक्यापर्यंत गेला.

सकाळी त्याची बायको लल्ला किंचाळली. सातूच्या रांजणामागे तोच उंदीर, पायात दोरी! मुवाझितीचा हात होता तिथेच आखडला.

अर्मविया आली. "उंदीर कुठला पकडला होतास गं?"

"घरातलाच. आयता सापडला."

"अगं बये! परगावचा आण म्हटलं होतं ना? हा घरी येणार नाही तर कुठं जाणार?"

"परगावचे लोक देतात होय! आमच्याकडे उंदीरच नाहीत म्हणतात. मिजास नुसती."

अर्ध्या गल्लीने मिळून उंदीर टोपलीखाली धरला. अर्मवियाने तो उचलून बराच वेळ न्याहाळला. दोरी होती. कथील नव्हतं.

"मुवा, डोंगरापलीकडे लोकर उतरवून येतोस, तेव्हा गाढवाच्या पाठीवर काय असतं?"

"रिकाम्या गोण्या. दोर."

"आणि गाढव येतं कुठं?"

"घरी. दाण्यापाशी." मुवाझिती थबकला.

"म्हणजे उंदीर ओझं टाकून एका रात्रीत परत आला?" लल्लाने विचारलं.

"तो वाटेत सातूची दारू प्यायला थांबत नाही," अर्मविया मुवाझितीकडे बघत म्हणाली.

तिसऱ्या दिवशी अंगणात मुवाझितीने लोकरीची गोणी उचलली, गाढवावर टाकली, आणि मगच त्याच्या लक्षात आलं, कोणत्या हाताने.