बोडी छाप थैली कोणाची

गेल्या वर्षीची नऊ नोव्हेंबर, रविवार. मागणी दोन लाख रुपयांची. हजर चौघं: मी, माझी बायको, तिची थोरली बहीण आणि त्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडू. जागा सौंदडचं आमचं घर. साडू देवरीहून येताना एक प्रमाणपत्र घेऊन आले होते. आम्ही सात वर्षं चिन्नोर तांदूळ ज्या नावानं विकत होतो, ते ‘बोडी छाप’ नाव आता कायद्यानं त्यांच्या एकट्याचं झालं होतं.

बोडी म्हणजे आमच्याकडचा शेतातला लहान तलाव. पाच किलोच्या थैलीवर बोडी, तिची पाळ आणि पाळीवर मोहाचं झाड, असं चित्र होतं. ते बायकोनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलं होतं. आमचा माल कोहमाऱ्याच्या ढाब्यांवर राहायचा. जेवायला थांबलेले प्रवासी चित्र ओळखून थैली मागायचे. साडू असाच तांदूळ, ह्याच थैलीत भरून, देवरीच्या पलीकडे छत्तीसगडात विकायचे.

थैली एकच असण्याचं कारण साधं होतं. छापणारा पाच हजार थैल्यांच्या खाली ऑर्डर घेत नव्हता. तेवढ्या ना आम्हाला एकट्याला लागायच्या, ना त्यांना. म्हणून दर वर्षी मिळून छापायच्या आणि निम्म्या-निम्म्या वाटून घ्यायच्या. जीएसटी नंबर साडूंकडे होता, म्हणून बिल त्यांच्या नावानं. माझा हिस्सा मी त्यांच्या हातात रोख द्यायचो. सोयऱ्याला पावती मागायची रीत आमच्याकडे नाही. मागितली, तर पुढच्या लग्नाच्या पंगतीत ऐकून घ्यावं लागतं.

“दोन लाख कायचे, भाऊजी?” बायकोनं विचारलं.

“रायपूरचा दुकानवाला म्हणे, नाव रजिस्टर असंल तरच माल ठेवतो. मी वकील केलो, दीड वर्ष वाट पाहिलो. तुमी झोपून राहिले. आता दोघायच्या नावावर पाहिजे तं दोन लाख द्या. नाही तं थैली बदला.”

“चित्र तं मी काढली ना!”

“तूच काढली, कोन नाही म्हन्ते? पन मोहाचं झाड कोनाचंबी राहो, फुलं जो पहाटे उठून येचते त्याची.”

बायको बहिणीकडे पाहत होती. बहीण चहाच्या कपाकडे.

दुसऱ्या दिवशी गोंदियाला वकिलाकडे गेलो. वकील हिंदीत बोलत होते. आधीपासून वापर असेल तर नोंदणीनंतरही झगडता येतं, असं त्यांनी सांगितलं. “पर दिखाओगे क्या?” थैल्यांची बिलं साडूंच्या नावानं. ढाब्यांवरचा माल रोखीचा, बिलाशिवाय. साडूंचा अर्ज सरकारी जर्नलमध्ये हरकतीसाठी चार महिने होता. आम्ही तो पाहिला नव्हता, आणि असं काही पाहायचं असतं हेही ठाऊक नव्हतं. शेवटी वकिलांनी विचारलं, “चित्र बनते वक्त कोई सामने था?”

एकजण होती. थोरली बहीण तेव्हा आमच्याकडे मुक्कामाला होती.

बायकोनं तिला फोन लावला. पलीकडून ती म्हणाली, “मी सांगतो ना, चित्र तूच काढली म्हनून. सांगीन कोर्टात. मंग होऊ दे जे व्हायचं ते.”

बायको म्हणाली, “नको, बाई. साक्ष एका दिवसाची, पन त्यायच्या संगं तुले जलमभर राहाचं आहे. राहू दे.” तिनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, “बोडी सोडा. दुसरं चित्र काढतो.”

मला ते पटलं नव्हतं. सात वर्षांची ओळख अशी सोडून द्यायची म्हणजे धंदा पुन्हा पहिल्यापासून. पण बहीण तिची होती.

ह्या वेळी क्रम उलटा ठेवला. वकिलांनी आधी नोंदलेल्या नावांच्या यादीत शोध घेतला. आमची पहिली तीन नावं दुसऱ्यांनी घेतलेली निघाली, चौथं मोकळं होतं: बगळा छाप. अर्ज बायकोच्या नावानं केला आणि अर्जाची पोच हातात आल्यावरच थैल्या छापायला टाकल्या. नोंद पूर्ण व्हायला वेळ लागतो, पण ती धरली जाते अर्ज केल्या तारखेपासून. ऑर्डर पूर्ण पाच हजारांची, बिलही बायकोच्या नावानं. उरलेल्या जुन्या थैल्या उलट्या करून त्यांत बियाण्याचं धान भरलं.

कोहमाऱ्याच्या ढाबेवाल्यानं नवी थैली फिरवून पाहिली. “काऊन हो, बोडी आटली का?”

“आटली नाही. देवरीकडे वाहून गेली.”

“मंग बगळा कायले ठेवला? तो बी उडंल.”

“ह्याच्या पायात दोरी बांधली आहे,” मी म्हणालो. पहिल्या महिन्यात माल निम्माच गेला. गिऱ्हाईक अजून बोडीच मागतं.

संक्रांतीला थोरली बहीण एकटी आली. जाताना बायकोनं तिला नव्या तांदळाची एक थैली दिली. ती फुकट घेईना. बायकोनंही मग हट्ट केला नाही, बिलबुक काढून बिल फाडलं.

सरकारी फी साडेचार हजार भरली, वकिलाला तीन हजार दिले. साडूंना काही दिलं नाही. आणि बगळा छापच्या पहिल्या घरगुती बिलाचे चारशे पन्नास रुपये थोरल्या बहिणीनं माझ्या बायकोला दिले.