‘शेठना विचारून सांगते’

विद्याताई चौधरी यांची आणि माझी पहिली भेट वसईजवळच्या उमेळ्यात, त्यांच्या घराच्या ओटीवर झाली. छोट्या उद्योगांचे मालक आणि व्यवस्थापक यांच्यासाठी त्या दर रविवारी तिथे नेतृत्वाचे वर्ग घेतात. वसई पूर्वेच्या ज्या गाळ्यात मी प्लास्टिकच्या डब्यांचं काम पाहते, तिथल्या शेठांबरोबर मी गेले होते. ताईंनी मला नाव विचारलं आणि मी सवयीने शेठांकडे पाहिलं. ओटीवर हशा पिकला.

"अहो, नाव तरी तुमचंच आहे ना?" ताई म्हणाल्या.

मला मात्र रडू येत होतं. म्हणायला मी व्यवस्थापक. दिवसभर माझ्या तोंडी एकच वाक्य, ‘शेठना विचारून सांगते.’ महिनाअखेरीस नोकरी सोडायचं मी ठरवलं होतं. चहाच्या वेळी ताईंना ते सांगून टाकलं. त्यांनी ‘थांबा’ही म्हटलं नाही आणि ‘जा’ही. "जाण्याआधी एकदा न विचारता काहीतरी करून बघा," एवढंच म्हणाल्या. शेठांना वेगळा गृहपाठ मिळाला: आठवडाभर कोणालाही उत्तर द्यायचं नाही, फक्त ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारायचं.

तो आठवडा सरायच्या आतच झाकणांचा रंग चुकला आणि मी मशीन बंद केलं. शेठ तावातावाने आले. तोंड उघडलं, मिटलं. मग कसंबसं म्हणाले, "तुम्हाला… काय वाटतं?"

"असा माल परत येईल, शेठ."

"मग बंदच ठेवा."

महिनाअखेर आली आणि गेली. मी कुठेही गेले नाही.

पुढे एकदा ताई गाळ्यावर आल्या, तेव्हा पॅकिंगच्या मुली बारीकसारीक गोष्टही मला विचारत होत्या. "एक शेठ कमी केला, तर दुसरा तयार!" ताईंनी मला सगळ्यांदेखत सुनावलं. मला राग आला, पण बोलणं खरं होतं. याच कडक ताई, माझी आई इस्पितळात होती तेव्हा रोज पेजेचा डबा घेऊन येत. त्यांच्या या ऋणात मला कायम राहायचं आहे.

त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्हा विद्यार्थ्यांकडून हा गौरवग्रंथ निघतोय हे कानावर गेल्यावर ताईंचा फोन आला. "मला न विचारता हे कोणी ठरवलं?"

"आम्हीच, ताई."

त्या म्हणाल्या, "बरं वाटलं."

तर पुढचंही आम्ही न विचारताच ठरवलं आहे. ताईंची शंभरी उमेळ्याच्या त्याच ओटीवर होईल, आणि आमची कानउघाडणी करायला त्यांनी ठणठणीत तब्येतीने हजर राहायचं आहे.