आक्काच्या वाटेवरचा नाका

माझ्या वडिलांच्या मावसभावाइतका, म्हणजे आमच्या काकांइतका, स्वतंत्र नागरिक या देशात दुसरा नसेल. निघण्याआधी कुठे जायचं हे ठरवणं त्यांना कमीपणाचं वाटतं. स्टँडवर ते एस.टी.ची पाटी वाचत नाहीत. "ही आधी सुटती काय?" एवढं विचारतात आणि चढतात. एकदा कढीपत्ता आणायला गेले ते मलकापूर करून दुसऱ्या दिवशी परतले. कढीपत्ता राहिलाच, पण तिथल्या तीन घरांची जेवणाची आमंत्रणं पदरात पाडून आले होते. हातकणंगल्याला एका अनोळखी म्हाताऱ्याला गाडीत बसवून द्यायला गेले आणि "एकटा कंटाळंल की बिचारा" म्हणून थेट मिरजेपर्यंत सोबत गेले. त्यांच्या शेळीला दावं नाही. तिने शेजारणीची मिरचीची रोपं फस्त केली तेव्हा काकू कडाडल्या, "बांधा की तिला!" काका म्हणाले, "पाय दिल्यात न्हवं तिला? मग?" तेव्हा शेजारणीने काकांनाच बांधायचं सुचवलं. माझ्या हाती लहानपणी गोष्टीच्या पुस्तकांपेक्षा वडिलांच्या चळवळीची पत्रकंच जास्त आली. संचाराचा हक्क मी त्यांत नुसता वाचला होता. चालताना पाहिला तो काकांच्या रूपात.

म्हणून करोनाची टाळेबंदी लागली तेव्हा वाटलं, हा माणूस पहिल्याच दिवशी पोलिसांची काठी खाणार. पण काका उंबऱ्याबाहेर पडले नाहीत! "आपला रोग दुसऱ्याच्या दारात कशाला न्यायचा?" म्हणाले. मी थक्क झाले.

मग एका सकाळी राज्याच्या सीमेपलीकडच्या गावाहून फोन आला. त्यांची थोरली बहीण, आक्का, झोपेतच गेली होती. सासरी गेलेल्या बाईच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडावं लागतं आणि ते भावानेच न्यायचं असतं. काकूंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं काढून दिलं. दुपारी जिल्ह्याचा प्रवासाचा पास मोबाइलवर आला आणि काकांना मागे बसवून मी गाडी काढली.

नाक्यावर पलीकडच्या शिपायाने पास पाहिला. "हा तुमच्या राज्याचा. आमचा कुठाय?"

"साहेब, राज्यं दोन असतील, आक्का एकच हाय की!"

मी भर रस्त्यात राज्यघटनेचं एकोणिसावं कलम घडाघडा म्हणून दाखवलं. शिपायाने सगळं ऐकून घेतलं. "बरोबर आहे ताई तुमचं. पण पास?"

एवढ्यात दुधाचा टँकर आला. शिपायाने आडवा बांबू वर केला. काही विचारलंसुद्धा नाही. थोबाडीत बसल्यासारखी मी बघत राहिले. दुधाला वाट आहे, भावाला नाही! मी शिपायाकडे वळायच्या आत काका टँकरकडे धावले. "पावणं, आक्काचं शेवटचं लुगडं हाय, एवढं पोचवा. माझा भाचा पुढल्या फाट्यावर उभा ऱ्हाईल." ड्रायव्हरने लुगडं घेतलं, कपाळाला लावलं आणि निघून गेला. बांबू खाली आला.

तासाभराने, आम्ही नाक्यावरच असताना, भाच्याचा फोन आला. "नेसवलं काय रं?" काकांनी विचारलं. "पदर डोक्यावरनं घ्या. तिला उघडं डोकं चालत न्हवतं."

पुढे रस्ता खुला झाला, त्यालाही आता काही वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी म्हटलं, "काका, आक्कांच्या गावाला जाऊन येऊ या का? आता कुणी अडवत नाही."



"आता तिथं कुणाकडं जायाचं, पोरी?"