जांघेतली मूठ

चोपड्याकडच्या केळीच्या बागेतून दोन सख्खे भाऊ टेम्पोत घालून आणले. पाण्याच्या पाळीवरून धाकट्यानं थोरल्याच्या जांघेत कोयता घातला होता, आणि मग स्वतःचीच मूठ त्या जखमेत कोंबून तो जळगावपर्यंत आला होता. मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. मूठ काढली असती तर माणूस टेबलावरच गेला असता, म्हणून धाकट्याला तसाच आत उभा केला. केळीच्या चिकानं काळा पडलेला त्याचा हात मी कोपरापर्यंत घासला. डाग निघाले नाहीत.

"हललास तर मनगट तोडीन," मी ओरडले.

डॉक्टरांनी जखमेच्या वर आणि खाली धमनी मोकळी केली. मी बारीक दातांचे दोन क्लॅम्प दिले. ते रक्त थांबवतात, पण नस चिरडत नाहीत. दोन्ही बसल्यावर धाकट्यानं मूठ काढली आणि तो भिंतीशी बसून रडला.

पाय वाचला. दुसऱ्या दिवशी थोरला शुद्धीवर आला, तेव्हा मी त्याला सांगितलं, तुझ्या भावानं सारी वाट तुझं रक्त धरून ठेवलं.

त्यानं नीट ऐकून घेतलं आणि अहिराणीत विचारलं, "मना कोयता कोठे शे?"