पंचमीला ऐकलेलं पुस्तक

पुस्तक आवडलं नाही की मला गप्प बसवत नाही. परवाच एक जाडजूड कादंबरी संपवली. पानोपानी भावाभावांची भांडणं, अन् शेवटी सगळे एका पंगतीला जेवायला बसतात. असं कुठं असतं का हो? लेखकाला कंटाळा आला असणार, दिलं उरकून. सध्या दुसरं चालू आहे, एका सासुरवाशिणीचं. ते चांगलंय, खोटं कशाला बोलू, पण निम्म्यावर उपडं घालून ठेवलंय. असली पुस्तकं माझ्याच्यानं पुरी होत नाहीत.

आमचं गाव सेनगाव तालुक्यातलं. नव्वदनंतरची ती वर्षं. गल्लीत वाचायचं वेड दोघींनाच, मला अन् समोरच्या घरातल्या माझ्या मैत्रिणीला. मी तालुक्याच्या वाचनालयातून एक पुस्तक आणायची, ते दोघी वाचायचो अन् मग कचाकचा भांडायचो. तिला सोसणारी माणसं आवडायची, मला खमकी. "तुला पुस्तकात बी हाणामारीच पाहिजे," म्हणत ती पाठीत धपाटा घालायची.

भांडण मिटलं नाही की आम्ही ते तिच्या आईकडं न्यायचो. काकूंना अक्षर येत नव्हतं, पण भाकरी थापता थापता सगळी गोष्ट ऐकायच्या अन् फैसला द्यायच्या. "त्या पोराचंच चुकलं. बापाला असं बोलतेत का?" झालं. त्यावर आमच्या दोघींचंही काही चालायचं नाही.

बारावी व्हायच्या आतच तिचं लग्न झालं. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठचं गाव, पाण्याखालचं रान, भरलेलं घर. पोरीनं नशीब काढलं, असं सगळी गल्ली म्हणाली. त्या घरात बाईच्या हातात पुस्तक दिसलं की तिला कामाचा कंटाळा आला असं धरायचे. मग तिचं वाचन सुटलं. नागपंचमीला भाऊ तिला माहेरी घेऊन यायचा, तेव्हा लिंबाच्या झोक्यावर बसून मी तिला वर्षभरातली पुस्तकं सांगायची. वाचायची मी अन् मतं तिची.

अशीच एक पंचमी. आली ती वाळून गेलेली. कासारीण बांगड्या भरायला बसली, तिनं मनगट जरा दाबलं तशी ही कळवळली. "काय झालं गं?" तर म्हणे, "काही न्हाई, जात्यावर लागलं." मला ते पटलं नाही, पण सभोवती बाया होत्या.

पंचमीला आमच्याकडं तवा ठेवत नाहीत अन् विळीला हात लावत नाहीत. काकू चुलीवर पुरणाची दिंडं उकडत होत्या, वहिन्या पानं पुसत होत्या, तिची धाकटी बहीण पाणी आणत होती. मी नेहमीसारखी एका पुस्तकावर तोंडसुख घेत होते. मधेच ती म्हणाली, "मी बी एक वाचून राहिले."

"तू? तुला तिथं पुस्तक कोण देतंय, बाई?"

"हाय एक. घरातच सापडलं."

अन् ती सांगायला लागली. एक बाई. सासू दाण्याच्या कोठीला कुलूप लावते. नवरा कालवणात मीठ कमी पडलं तरी मारतो, जास्त पडलं तरी मारतो. मारताना दीर दार लोटून घेतो. एरवी ती पुस्तक सांगायची तेव्हा माणसांची नावं, लुगड्याचा रंग, सगळं सांगायची. इथं त्या बाईला नावच नव्हतं. नुसतं ती, ती, ती. दुसऱ्या वाक्यालाच मी ओळखलं. हे पुस्तक नव्हतं. उघड बोलली असती तर सणाच्या दिवशी असलं काढू नको म्हणून सगळ्यांनी तिला गप्प केलं असतं. पुस्तक म्हटल्यावर सगळ्या मन लावून ऐकत होत्या.

"मंग आई," ती म्हणाली, "काय करावं गं तिनं? माहेरी निघून यावं का?"

काकूंनी झाकण काढलं, दिंडं शिजली का पाहिलं अन् नेहमीसारखा फैसला दिला. "यावं कशाला? थोडं सोसावं. लेकरू झालं की नवरा बराबर वळणावर येतो. अन् ही येऊन बसल्यावर तिच्या धाकल्या बहिणीला कोण करून घेईल? माहेरच्याची तकलीफ बघू न्हाई का तिनं?"

"काही नाही!" मी ओरडलेच. "आजच्या आज यावं तिनं. असलं घर काय चाटायचंय?"

"हिला हाणामारीच पाहिजे," काकू म्हणाल्या, अन् सगळ्या हसल्या. तीही हसली. "आईचं बराबर हाय," म्हणाली. "पुस्तकात बी तसंच हाय."

मी तिला गोठ्यामागं ओढत नेलं. म्हटलं, मी आत्ताच्या आत्ता सांगते काकूंना. तिनं माझा हात धरला. "माझं म्हणून इचारलं असतं तर ती रडली असती अन् ठेवून घेतलं असतं मला. मंग रोज कुढली असती. पुस्तक म्हणून इचारलं म्हणून तिच्या मनातलं कळलं." तिनं मला गळ्याची शपथ घातली. दोन-चार दिवसांनी भाऊ तिला एस.टी.नं पोचवून आला.

दिवाळीच्या तोंडावर निरोप आला. धुणं धुवायला गेली, कालव्यात पाय घसरला म्हणे. आमच्या मळ्यातल्या विहिरीत माझ्या आधी पोहायला शिकलेली पोरगी ती. काकूंचा तो टाहो अजून माझ्या कानातून जात नाही. मी काही बोलले नाही. बोलून काय होणार होतं? त्या माउलीच्या जिवाला आणखी घोर कशाला लावायचा, एवढंच मनात होतं.

पुढं माझंही लग्न झालं, वर्षं गेली. तिची धाकटी बहीण चांगल्या घरी पडली. दोन हजार सालानंतरच्या एका पंचमीला मी माहेरी आले होते, तर काकूंनी हाक मारली. थकल्या होत्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. चुलीवर दिंडंच होती.

"काय वाचून राहिलीस, माय?"

मी काहीतरी नाव सांगितलं. त्यांचं लक्ष नव्हतं.

"तिनं सांगितलेलं ते पुस्तक तुला गावलं का गं कुठं?"

"न्हाई, काकू."

"मी गेले होते. ती गेली त्याच साली. जीपमधी बसून सेनगावला, तुज्या वाचनालयात. पुस्तकाचं नाव ठावं न्हाई, म्हणून त्या टेबलावरच्या माणसाला समदी गोष्ट सांगितली. कोठीचं कुलूप, मीठ, समदं. त्यानं बिचाऱ्यानं लई कपाटं पाहिली. म्हणला, बाई, असलं पुस्तकच न्हाई."

मला रडू आवरेना. इतकी वर्षं मी जे लपवून ठेवलं होतं, ते ह्या बाईला पहिल्याच साली कळलं होतं. अन् काकूही कुणाशी बोलल्या नव्हत्या.

"रडू नको. मला इचार," काकू म्हणाल्या.

"काय विचारू?"

"तिनं इचारलं तेच. तिच्यावानी इचार."

मी नको म्हणाले. त्यांनी माझा हात सोडला नाही. शेवटी मी कसंबसं म्हटलं, "मंग आई, काय करावं गं तिनं? माहेरी निघून यावं का?"

काकूंनी मान वळवली. त्या दाराकडं बघत होत्या.

"ये माय," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता ये."